बाईमाणूस नाही म्हणून गुडघा अडत नाही

पत्र थोडक्यात : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले कास्तकार काका लिहितात, की त्यांच्या पत्नीचा (वय 64, शुगर आहे) उजवा गुडघा नागपूरला बदलून 18 दिवस झाले. टाके निघाले, काकू वॉकरवर चालतात. घरी दोघंच, एकुलती मुलगी पुण्यात नोकरीला. गुडघा अजून सुजलेला आणि गरम आहे, रात्री ठणकतो. व्यायामाच्या वेळी काकू रडतात म्हणून दोन दिवसांपासून व्यायाम बंद आहे. रात्री काका गुडघ्याखाली उशी देतात, पोटरीला तेल चोळून देतात. शेजारपाजारचे म्हणतात, ऑपरेशन बिघडलं. पऱ्हाटी (कपाशी) फुटली आहे, वेचणीच्या बाया लावल्या आहेत. वेचणीचा हिशेब दरवर्षी काकूच ठेवायच्या. यंदा त्या खोलीत पडून असतात, नाहीतर नजर चुकवून चहा मांडायला उठतात. मुलगी म्हणते, आईला इकडे आणून सोडा, इथे लिफ्ट आहे, कमोड आहे, फिजिओथेरपिस्ट घरी येतो. काकांचा शेवटचा प्रश्न : "घरात बाईमाणूस नाही, मले सैपाकातलं काही येत नाही. अशा घरात तिले आराम कसा भेटन? पुण्याले धाडू काय?"

काका, नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्रात मुलीचं म्हणणं आहे, शेजाऱ्यांचं आहे, तुमचं तर आहेच. काकूंना पुण्याला जायचंय का, हे मात्र कुठे सापडलं नाही. त्याकडे येतेच. पण त्याआधी दोन गोष्टी आजच्या आज थांबवा.

पहिली, गुडघ्याखालची उशी. तिने बरं वाटतं हे खरं. सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की ताण कमी होतो. पण रात्रीमागून रात्री तसा ठेवलेला गुडघा तसाच आखडतो, पुढे पूर्ण सरळ होत नाही आणि चालताना लंगड राहते. उशी द्यायचीच असेल तर टाचेखाली द्या. गुडघा अधांतरी राहिला की आपल्याच वजनाने सरळ होत जातो. दुसरी गोष्ट, पोटरीचं तेल. या ऑपरेशननंतर काही आठवडे पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. रक्त पातळ ठेवणारं औषध देतात ते त्यासाठीच, आणि ते सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं असतं. आत गाठ असताना पोटरी चोळली, तर ती सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. मायेचा हात पाठीवरून फिरवा, पोटरीवरून नको. पोटरीसाठी काकूंनी पायाचा पंजा वर-खाली हलवत राहावा. जागेपणी दर तासाला दहा-वीस वेळा, पडल्यापडल्या होतं.

आता "बिघडलं" म्हणतात त्याबद्दल. मी डॉक्टर नाही, काकूंचा गुडघा मी पाहिलेला नाही. डिस्चार्जच्या कागदावर वेगळं काही लिहिलं असेल तर तो कागद खरा. पण 18 व्या दिवशी गुडघा सुजलेला असणं, हाताला गरम लागणं, रात्री ठणकणं, हे बहुतेकांना होतं. सूज तीन ते सहा महिने कमी-जास्त राहू शकते, गरमपणाही काही महिने जाणवतो. जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर लागते. पुढेमागे गुडघ्यातून 'टक' असा आवाज येईल, तोही धातू आणि प्लॅस्टिकचे भाग एकमेकांना लागल्याचा असतो. रोजची कामं करण्याइतकं बळ साधारण सहा आठवड्यांत येतं, बरीचशी सुधारणा तीन महिन्यांत, आणि उरलेली वर्षभर होत राहते. शेजारच्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पाहिलेलं असतं, आठवड्यात पट्टी निघून माणूस बंडीवर बसलेला असतो. ते त्याच हिशेबाने गुडघा मोजतात.

तुम्ही पाहायचं ते सुजेचं वळण. दिवसभर चालून संध्याकाळी वाढली आणि रात्री पाय वर ठेवून सकाळी उतरली, तर ठीक. आठवड्यापूर्वीपेक्षा आज थोडी कमी आहे, तर उत्तम. बर्फ लावा. घरी फ्रिज नसेल तर गावातल्या किराणा दुकानात पेप्सी-कुल्फीचा फ्रिज असतोच, तिथून पिशवीभर आणा, पंच्यात गुंडाळून 15-20 मिनिटं ठेवा. थंडी सुरू झाली म्हणून विटेचा किंवा मिठाच्या पोटलीचा शेक कोणी सुचवेल. नको. बधिर कातडीला चटका बसलेला कळत नाही, आणि शुगरवाल्या माणसाची जखम उशिरा भरते. बिब्बा, हळद-तेल, एरंडाची पानं, कुठल्याशा बाबाचा लेप, काहीही त्या जखमेच्या आसपास येऊ देऊ नका. गावातल्या दवाखान्यात "सूज उतरवायचं" इंजेक्शन गुडघ्यात देतो म्हणाले, तर हात जोडून परत या. मेडिकलमधून मनाने दुखण्याच्या गोळ्याही आणू नका. रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत त्यातल्या काही गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, आणि शुगर असलेल्यांच्या किडनीवर त्या भारी पडतात.

यापुढचं जरा सावकाश वाचा, कारण तुमची खरी अडचण इथे आहे. काकू रडतात म्हणून तुम्ही व्यायाम बंद केला. चाळीसेक वर्षांच्या सोबतीनंतर समोरचं माणूस रडताना पाहवत नाही, हे समजतं. पण या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांचं काम टेबलावर संपतं आणि उरलेलं पहिल्या सहा आठवड्यांत घरी होतं. आत सांधा नवा आहे. भोवतालचे स्नायू जुनेच, वर्षानुवर्षं दुखण्यामुळे वाळलेले. हालचाल झाली नाही तर जखम भरताना आतले पडदे घट्ट होतात. सहा ते बारा आठवडे होऊनही गुडघा 90 अंशांच्या पुढे वाकला नाही, तर कधीकधी पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागतो. तुमची दया काकूंना त्या टेबलाकडे नेते आहे, हे कडू वाटलं तरी लिहायला हवं.

रडणं कमी करता येतं, व्यायाम न थांबवता. डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास घेतली तर फरक पडतो. बरेच जण आधी व्यायाम करतात, मग कळवळून गोळी घेतात. एका दमात अर्धा तास करण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं करा. व्यायामही चारच धरा. मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीवर दाबायचा आणि पाचपर्यंत मोजायचं. टाच गादीवरून घसरवत कुल्ल्याकडे आणायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. आणि खुर्चीवर बसून पाय जमेल तितका मागे न्यायचा. चांगल्या पायाने हळूच थोडा रेटा दिला तरी चालतो. याशिवाय दिवसातून दोन-तीनदा टाचेखाली टॉवेलची वळकटी ठेवून पाच-दहा मिनिटं गुडघा सरळ सोडायचा. लोक येता-जाता विचारतात, "किती वाकतो?" सरळ किती होतो ते कोणीच विचारत नाही, आणि चाल त्याच्यावर ठरते.

मोजणी तुम्ही करू नका. "अजून दोन, अजून तीन" असं तुम्ही म्हणायला लागलात की त्या वेळी तुम्ही तिला शत्रू वाटता, आणि भांडणाचं कारण गुडघा होतो. वाटीत दहा तुरीचे दाणे द्या. एक झालं की एक दाणा दुसऱ्या वाटीत, त्यांच्याच हाताने. गुडघा त्यांचा, दाणे त्यांचे. तुम्ही शेजारी बसून दुसरं काही बोला. त्या पुरत्या हिंमत हरल्यासारख्या वाटत असतील तर तेही अनेकांना होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पहिली हुशारी ओसरली की "कशाला केलं हे" असं वाटायला लागतं. महिना-दीड महिन्यात उतरतं. जेवण तुटलं, बोलणं तुटलं, झोप अजिबातच नाही, असं झालं तर डॉक्टरांना सांगा.

आता बाईमाणूस. काका, काकूंना आत्ता लागतंय काय, ते जरा मांडून बघा. वेळेवर गोळी. बर्फ. दोन वेळचं साधं जेवण. न्हाणीपर्यंत सोबत. रात्री उठल्यावर दिवा लावायला माणूस. शुगर तपासायला नेणं. यातलं काय बाईनेच करायला हवं? तुम्ही पऱ्हाटीला फवारणी कधी, खत किती, हे सगळं डोक्यात ठेवणारे कास्तकार. गोळ्यांच्या तीन वेळा तुम्हाला जड नाहीत. राहिला स्वयंपाक. कुकरमध्ये वरण-भात कोणालाही जमतो. पहिल्या दिवशी करपला तर दुसऱ्या दिवशी कमी करपेल. खिचडी, उकडलेली अंडी खात असतील तर अंडी, दही, फल्लीदाणे, मोड आलेली मटकी. जखम भरायला आणि स्नायू धरायला डाळी-अंड्यासारखं अन्न लागतं, आणि दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही म्हणून पाणी आणि पालेभाजी. भाकर नाही जमली तर शेजारून थापून आणा, पैसे देऊन आणा. सीझनमध्ये कोणाला फुकट राबवू नका.

गावात हसतील म्हणता. हसतील चार दिवस. पाचव्या दिवशी हसणाऱ्यांपैकी एखाद्याच्या बायकोचा गुडघा निघेल आणि तो तुम्हाला कुकरच्या शिट्ट्या विचारायला येईल.

आणि काकू चहाला उठतात यावर चिडू नका. गॅस ओट्यावर असेल, वॉकर हाताशी असेल आणि तुम्ही जवळ असाल, तर पाच मिनिटं उभं राहून चहा करणं हाही व्यायामच आहे, त्यांच्या आवडीचा. गॅस जमिनीवर असेल तर तो आजच टेबलावर चढवा. जमिनीवरच्या चुलीशी वाकणं, बसणं बंद. भरलेलं गंज हातात घेऊन चालणंही बंद, वॉकर दोन्ही हातांनी धरायचा असतो. चहा त्यांनी करावा, कप तुम्ही उचलावेत.

त्याहून मोठं काम तुमच्याच पत्रात आहे आणि तुम्ही ते एका ओळीत लिहून सोडून दिलंय. वेचणीचा हिशेब. कोणत्या बाईने किती किलो वेचलं, कोणाला उचल दिली, ही वही दरवर्षी त्यांच्याकडे असायची, यंदा ती तुम्ही घेतली. आराम पडावा म्हणूनच घेतली असणार. परत द्या. संध्याकाळी काटा ओसरीवर लावा, हाताच्या खुर्चीवर काकूंना बसवा, पाय पुढे दुसऱ्या खुर्चीवर सरळ ठेवून. खोलीतून ओसरीपर्यंत चालून यायला त्यांना कारण मिळेल. आजवर ज्या घराचा हिशेब तिने सांभाळला, त्या घरात ती आता फक्त "पेशंट" आहे. रडण्यात गुडघ्याचा वाटा किती आणि याचा किती, मला शंका आहे. अट एकच, एका जागी पाऊण तासाच्या वर बसू द्यायचं नाही, मध्ये उठून चार पावलं टाकायची.

घराकडे एकदा वॉकर धरून स्वतः चालत पाहा, म्हणजे कळेल. उंबरठ्याशी तो अडतो. ताजं सारवलेलं ओलं अंगण घसरतं. दारातलं पोतं, गोधडी पायात येते, वॉकरमध्ये कोंबडी शिरते. हे सगळं हलवा, कुत्रं बांधा. दोरीची बाज सध्या वापरू नका, ती खोल जाते आणि त्यातून उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. तक्त किंवा दिवाण हवा, गुडघ्याच्या उंचीचा किंवा थोडा वर. हाताची प्लॅस्टिकची खुर्ची बुटकी वाटली तर दोन खुर्च्या एकात एक घाला आणि भिंतीला टेकवून ठेवा. अंगणातल्या संडासात उकिडवं बसणं शक्य नाही. भोक असलेली कमोड खुर्ची सर्जिकल दुकानात मिळते, संडासात ठेवता येते आणि रात्री खाटेजवळही. लाइट जाते तिथे चार्जिंगचा बल्ब उशाशी. चपलेला मागे पट्टा. वॉकरच्या पायाची रबरं झिजली की बदला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पुढे काठी आली की ती डाव्या हातात. सगळे दुखऱ्या बाजूला धरतात, ते उलटं आहे. आंघोळीची लाज दोघांनाही वाटत असेल तर काकूंनाच विचारा, कोण चालेल. रोज अर्धा तास येणारी ओळखीची बाई ठेवणं फार खर्चाचं नाही.

पाहायला येणाऱ्यांचं मात्र काहीतरी करावं लागेल. खेड्यात आजारी माणसाला भेटायला जाणं हा धर्म आहे, आणि खाटेशी बसून अमक्या गावच्या तमकीचा पाय कसा वाया गेला हे सांगणं त्याचाच भाग. माणसं चांगलीच असतात, गोष्ट वाईट असते. पाहुणे आले की काकूंना उठवा, त्यांनीच पाहुणीला म्हणावं, "चला, वहिनी, अंगणात एक चक्कर मारून येऊ तुमच्यासोबत." चालत्या माणसाला अशा गोष्टी सांगायला जमत नाही. जखम उघडून दाखवायची नाही, हात लावू द्यायचा नाही.

आता पुणे. मुलीचं म्हणणं चूक नाही. कमोड, लिफ्ट, घरी येणारा फिजिओ, जवळ मोठा दवाखाना, हे तिच्याकडे आहे आणि तुमच्याकडे नाही. पण पहिल्या सहा आठवड्यांत रात्रभराचा प्रवास बहुतेक डॉक्टर टाळायला सांगतात; तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की सूज आणि गाठीचा धोका दोन्ही वाढतात. तिथे मुलगी-जावई कामावर गेल्यावर काकू बंद फ्लॅटमध्ये दिवसभर एकट्या. इथे निदान हाक मारली तर चार माणसं येतात. ऑपरेशन करणारे डॉक्टर नागपूरला, तपासणी तिकडेच. म्हणून मला विचाराल तर आत्ता नको. मुलीलाच आठवडाभर सुटी काढून यायला सांगा, त्यातल्या दोन दिवसांत तिच्याकडून कुकर शिका. सकाळच्या व्यायामाला तिने व्हिडिओ कॉलवर असावं. आठवड्यातून एकदा तालुक्याला किंवा यवतमाळला फिजिओकडे न्या, तो वाकणं-सरळ होणं अंशांत मोजेल, आणि तो आकडा वहीत लिहा. सलग दोन आठवडे तो आकडा जागचा हलला नाही, तर मात्र पुण्याचा विचार डॉक्टरांना विचारून लवकर करा. नाहीतर सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, काकूंची इच्छा असेल तर. त्यांना विचारताना मुलगी फोनवर नसावी आणि तुम्ही उत्तर आधीच ठरवलेलं नसावं.

थांबून चालत नाही अशा गोष्टीही आहेत. एकाएकी दम लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त : 108 ला फोन, जवळचं रुग्णालय, लगेच. एकाच पायाची पोटरी टणक, सुजलेली, दुखरी झाली तर त्याच दिवशी दाखवा. जखमेतून पू किंवा पाणी येणं, भोवतालची लाली पसरत जाणं, ताप, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, पडल्यावर पाय टेकवता न येणं : नागपूरच्या डॉक्टरांना फोन. गावात अँटिबायोटिक सुरू करून चार दिवस वाट पाहू नका. त्याने खालचा संसर्ग झाकला जातो आणि नंतर नेमका जंतू सापडणं अवघड होतं.

हे सदर वाचणाऱ्या आणि गुडघा बदलायचं ठरवलेल्या घरांसाठी एवढंच, की खुर्ची, तक्त, कमोड, ओट्यावरचा गॅस हे ऑपरेशनच्या आधी करा, आणि व्यायामही आधीच शिका. शुगर आधी आटोक्यात आणा. तारीख ठरवताना वेचणीचा महिना शक्यतो टाळा. तुमच्याकडचं माणूसबळ तेव्हा वावरात असतं. नव्या गुडघ्याने मांडी घालून पंगतीत बसता येईल का, हे सगळे विचारतात. काहींना जमतं, पण बहुतेक डॉक्टर जमिनीवर बसणं आणि उकिडवं बसणं टाळायलाच सांगतात. नीट वापरला तर असा सांधा साधारण 15-20 वर्षं, अनेकदा त्याहून जास्त टिकतो. शेगावला महाप्रसादाला बाकावर बसून जेवलं तरी पुण्य कमी होत नाही, असं माझं मत.

नागपूरच्या तपासणीला जाताना काका, गाडी सकाळची धरा, काकूंना पुढच्या सीटवर बसवा, सीट पूर्ण मागे सरकवून, आणि वाटेत एकदा उतरवून चालवा. डिस्चार्जचा कागद, बसवलेल्या सांध्याचं स्टिकर असलेला कागद आणि अंशांची वही सोबत न्या. विचारायचं ते आधीच लिहून ठेवा : वॉकर सोडून काठी केव्हा, बांधावरून चालणं केव्हा, पुढे दात काढायची वेळ आली तर आधी कोणाला सांगायचं, आणि डावा गुडघाही दुखतो असं तुम्ही पत्राच्या कडेला लिहिलंय, त्याचं काय. हा शेवटचा प्रश्न काकूंनाच विचारू द्या.